नाळ उतरण्यापूर्वी

होळी जवळ आली की आमच्या दवाखान्यात एका विशिष्ट कागदाची वर्दळ सुरू होते. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील डोंगरभटक्या मंडळींच्या शनिवार-रविवारच्या मोहिमा ठरलेल्या असतात आणि आयोजकांना प्रत्येकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे असते. मजकूर ठरावीक असतो. सदर व्यक्तीची तपासणी केली, हृदय व फुप्फुसे निर्दोष, रक्तदाब योग्य, मोहिमेस पात्र. खाली डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक. त्या कागदावर गुडघ्यांचा उल्लेख कुठेही नसतो, मांड्यांचा तर नाहीच. चढण्याची काळजी सर्वांनी घेतलेली असते, उतरण्याचा विचार कोणीच केलेला नसतो. वास्तविक सोमवारी-मंगळवारी जी मंडळी माझ्याकडे लंगडत येतात, ती जवळजवळ सर्व उतरतानाच जायबंदी झालेली असतात.

म्हणून आज उतरण्याविषयी लिहितो, आणि त्यातही सह्याद्रीतील सर्वांत अवघड उताराविषयी, म्हणजे नाळेविषयी.

आम्हा डॉक्टरांना नाळ म्हटले की बाळंतिणीची खोली आठवते. डोंगरातल्या माणसाची नाळ वेगळी. दोन कड्यांच्या बेचक्यात पावसाच्या पाण्याने कोरलेली, दगडधोंड्यांनी भरलेली, घाटमाथ्यावरून थेट कोकणात कोसळणारी अरुंद घळ म्हणजे नाळ. लिंगाण्याकडे नेणारी बोराट्याची नाळ किंवा सिंगापूरची नाळ ही नावे भटक्यांच्या तोंडी असतात. पण आमच्याकडच्या मंडळींचा ओढा बहुधा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेकडे असतो. मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून ओढ्याच्या पात्रातून ही वाट निघते आणि कोकणकड्याच्या कुशीतून वर चढते. गडावरील तारामती शिखर १,४०० मीटरहून उंच आहे, तर बेलपाडा थेट कोकणपट्टीच्या तळाशी. एका दिवसात सुमारे हजार मीटर उंची हातपाय टेकत कमवायची किंवा गमवायची असते. काही ठिकाणी दोर लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

पावसाळ्यात नाळ म्हणजे धबधबाच. त्या दिवसांत तिकडे फिरकण्याचे कारण नाही. थंडी ओसरताना ती कोरडी होते, आकाश निरभ्र असते, पळस आणि पांगारा पेटलेले असतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चचे दिवस निवडले जातात. परंतु नाळ कोरडी झाली म्हणजे निर्धोक झाली असे नव्हे. पावसाने सैल केलेले दगड एकमेकांच्या आधाराने कसेबसे अडकून राहिलेले असतात. मातीतला ओलावा उडाल्यामुळे घसारा पायाखालून वाहू लागतो, आणि वाळलेले गवत तर तेल सांडल्यासारखे निसरडे झालेले असते.

वसंतात उतरण्याचे वेड आपल्यालाच आहे असे समजू नये. आल्प्समधील हौशी स्कीपटू याच दिवसांत बर्फाने भरलेल्या नाळा शोधतात. स्कीच्या तळाला पट्टी चिकटवून (ती पूर्वी सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा कृत्रिम धाग्यांची असते) ते पहाटेच्या अंधारात स्वतःच्या पायांनी डोंगर चढतात. रात्रीच्या थंडीने टणक झालेले बर्फ सकाळच्या उन्हाने वरवर मऊ झाले, की त्या मोजक्या वेळात घळीतून खाली येतात. दुपार झाली की तेच बर्फ पाणावते, थर सुटतात, अडकलेले दगड मोकळे होतात. आपल्याकडची अनेक कुटुंबे गुलमर्गला जातात आणि केबल कारने अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळपास चार हजार मीटरवर, पोहोचतात. त्याच अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. बर्फ आपल्या नाळेत नाही. पण त्या लोकांची एक शिस्त मात्र आपण उचलावी. उतरण्याची वेळ डोंगर ठरवतो, आपली न्याहारी ठरवत नाही. कोकणाकडे उतरणाऱ्या नाळांची तोंडे बहुधा पश्चिमेकडे असतात. सकाळी तिथे गार सावली असते आणि दुपारी सूर्य समोर आला की कातळ तव्यासारखा तापतो. उजाडताच उतरायला लागून सूर्य डोक्यावर येण्याआधी निम्म्याहून अधिक नाळ मागे टाकली पाहिजे. गडावर मजेत पोहे, चहा, छायाचित्रे आणि मग अकरा वाजता निघणे, हा बेत मार्चमध्ये आखू नये.

आता शरीराकडे वळू. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि आपल्याला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. विहिरीत भरलेली घागर हळूहळू सोडताना दोर मुठीत आवळून धरावा लागतो. दोर सरकत राहतो, घागर उतरते आणि तळहात सोलवटतात. उतारावर मांडीच्या स्नायूचे असेच होते. त्याच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होतात आणि त्यांचे दुखणे लगेच जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. रविवारी उतरलेला माणूस सोमवारी ऑफिसला जातो आणि मंगळवारी विरार स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरतो, त्याचे कारण हे.

यातली खरी मेख पुढे आहे. या कामाला प्राणवायू कमी लागतो. चढताना धाप लागते, छाती धडधडते, माणूस आपोआप थांबतो. उतरताना धाप लागत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. शरीराची धोक्याची घंटा वाजतच नाही आणि मांडीची ताकद मात्र दर तासाला घटत जाते. मग गुडघे थरथरू लागतात, पाऊल ठरवलेल्या दगडावर पडण्याऐवजी चार बोटे बाजूला पडते. ऑस्ट्रियातील आल्प्समधल्या अपघातांच्या नोंदी तपासणाऱ्यांनाही डोंगरात चालणाऱ्यांचे पडणे बहुतांशी उतारावरच आढळले. दर तासाला, थकवा वाटो वा न वाटो, दहा मिनिटे बसायचे, हा नियम मी सर्वांना सांगतो. न दमलेल्या माणसाला बसवणे किती कठीण असते, हे तरुण मुलांच्या पालकांना वेगळे सांगायला नको.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ असाच कागद घेऊन आले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही होते, दोन्ही आटोक्यात होते. हृदयाचा आलेख चांगला, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्टही उत्तीर्ण. मुलगी जूननंतर शिकायला बाहेरगावी जाणार होती. त्याआधी बाप-लेकीने मिळून नळीची वाट उतरायची असे ठरले होते. मी त्यांना दवाखान्याच्या पायरीवर एका पायावर उभे केले आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश खालच्या फरशीला टेकवून पुन्हा वर यायला सांगितले. चौथ्या वेळेला त्यांचा गुडघा आत कलला आणि त्यांनी दाराची चौकट धरली.

"पण डॉक्टर, स्ट्रेस टेस्ट तर पास झालोय!"

"ती चढाची परीक्षा होती हो. तो पट्टा वरच चढवत नेतो, खाली कधी उतरवत नाही. उतरण्याची परीक्षा आत्ता झाली."

सही मिळाली नाही म्हणून ते नाराज होऊन गेले. दुसऱ्या संध्याकाळी मुलीला घेऊन आले, मी तिला समजवावे अशा अपेक्षेने. तिने एकच प्रश्न विचारला, "किती आठवडे लागतील?" मी म्हटले, आठ तरी; म्हणजे एप्रिल उजाडणार, आणि एप्रिलच्या उन्हात मी कोणालाच नाळेत पाठवणार नाही. ती थोडा वेळ बापाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग आपण पाचनईने जाऊ, बाबा." पाचनईची वाट गडावर जाणारी सोपी वाट. मार्चमध्ये दोघे त्या वाटेने गेले, कोकणकड्यावर बसून सूर्यास्त पाहिला आणि त्याच वाटेने परत आले. नाळेचा बेत मुलीच्या पुढच्या हिवाळी सुटीवर गेला. तो कोरा कागद माझ्या खणात आहे, आणि गृहस्थ दर रविवारी जीवदानीच्या पायऱ्या उतरत आहेत.

जीवदानीच्या पायऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला. हजाराहून अधिक पायऱ्यांची ही व्यायामशाळा आपल्याला फुकट मिळालेली आहे. चढण्याचे पुण्य ज्याला जसे हवे तसे मिळो. नाळेची तयारी करणाऱ्याने उतरण्याकडे लक्ष द्यावे. कठडा न धरता, पाऊल न आपटता, पुढच्या पायावर धप्पकन न कोसळता मागच्या मांडीने भार सावकाश सोडत उतरावे. पहिल्या आठवड्यात एक फेरी पुरे. दुखेल, ते दुखू द्यावे, दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी आणि मग पुन्हा जावे. स्नायूंचा एक विलक्षण गुण असा की एकदा असा ताण सोसला, की पुढचे काही आठवडे तशाच ताणाने होणारी इजा पुष्कळ कमी होते. ही एक प्रकारे लसच आहे. म्हणून मोहिमेच्या दोन दिवस आधी घाम गाळू नये. शेवटचा मोठा उतार आठ-दहा दिवस आधी उरकावा. पायऱ्या सरावल्या की तुंगारेश्वरचा डोंगर किंवा कामणदुर्ग पाठीवर पिशवी घेऊन उतरावा, कारण पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात आणि दगड नसतात. विरार लोकलमध्ये दीड तास उभे राहणे हा व्यायाम आहे असे मला अनेकांनी पटवून देण्याचा प्रयत्न केला आहे. तो नाही. तो सहनशक्तीचा वेगळाच प्रकार आहे.

मधुमेही वाचकांसाठी इथे एक आनंदाची गोष्ट सांगतो. ऑस्ट्रियातील फोरार्लबर्ग येथे डॉ. हाइन्झ ड्रेक्सेल यांनी बैठी जीवनशैली असलेल्या लोकांना दोन महिने पायी डोंगर चढायला लावून केबल कारने खाली आणले आणि दुसरे दोन महिने केबल कारने वर नेऊन पायी उतरवले. रक्तातील साखर हाताळण्याची शरीराची क्षमता उतरण्यानेही सुधारली, किंबहुना चढण्यापेक्षा अधिक. ज्यांना धाप लागते म्हणून चालायचे टळते, त्यांनी उतरण्याचा विचार जरूर करावा, फक्त नाळेपासून सुरुवात करू नये. आणि साखर उतरते म्हणूनच सावधही राहावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालताना आणि त्याच रात्री झोपेतही घसरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही बाहेर टाकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात. मार्चच्या उन्हात हा हिशेब बिघडतो. या गोळ्यांचे प्रमाण त्या दोन दिवसांपुरते बदलायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

दुसरी एक सवय मला अधिक अस्वस्थ करते. गुडघे दुखू नयेत म्हणून अनेक जण निघतानाच डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतात, आणि दुपारी आणखी एक. शरीरात पाणी कमी, स्नायूंना इजा झालेली, आणि त्यात ही गोळी. या तिघांचे ओझे मूत्रपिंडावर पडते. स्नायूंची मोडतोड फार झाली तर त्यातील प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकते. चोविशीच्या एका मुलाला अशाच एका मंगळवारी मी थेट मोठ्या रुग्णालयात पाठवले होते. "अंग जरा जास्तच दुखतंय" एवढीच त्याची तक्रार होती. लघवीचा रंग विचारला, तेव्हा "कोला"सारखा असे तो हसत म्हणाला. चार दिवस शिरेवाटे सलाइन लागले. मुलगा सुदैवाने पूर्ण बरा झाला.

पाण्याविषयी वेगळे सांगायला हवे, कारण नाळेत पाणी नसते. कोकण किनाऱ्यावर पारा ३७ अंशांवर आणि नेहमीपेक्षा बराच वर गेला की हवामान खाते उष्णतेची लाट मानते, आणि मार्चमध्ये असे दिवस येतात. माणशी चार ते पाच लिटर पाणी सोबत असावे. नुसते पाणीही ढोसत राहू नये. घामातून मीठ जाते, आणि साध्या पाण्याचा अतिरेक झाला की रक्तातील सोडियम उतरून डोके दुखणे, मळमळ, भ्रम अशी लक्षणे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात घालावी, कमी पाण्यात नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खोक्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव छापण्यास एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते फार आधी व्हायला हवे होते. खाण्यासाठी परदेशी चॉकलेटच्या कांड्या विकत घेण्याचे कारण नाही. आपल्या वसईची सुकेळी साखर देतात, पोटॅशियम देतात आणि पिशवीत वितळत नाहीत.

सोबत्याचे बोलणे असंबद्ध झाले, चाल अडखळली आणि अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. पिण्याचे पाणी संपेल ही चिंता त्या क्षणी करू नये.

नाळेतला दगड हा कोणाच्याही चुकीशिवाय सुटू शकतो. हेल्मेट हवेच, आणि ते पिशवीला लटकवलेले नको. एकाने अरुंद भाग उतरून आडोशाला जावे, मगच दुसऱ्याने पाऊल टाकावे; सरळ रेषेत एकाखाली एक उभे राहू नये. दगड निसटला की ओरडावे, आणि ओरड ऐकणाऱ्याने वर पाहू नये, कड्याला चिकटावे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला थोड्या वेळाने उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा तो तेच ते विचारू लागला, तर "आता बरा आहे" यावर विश्वास ठेवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला हलवू नये. घोटा मुरगळला आणि चार पावले टाकता येत नसतील तर एक्स-रे होईपर्यंत तो मोडलाच आहे असे धरून चालावे. बेलपाड्याचे गावकरी आणि राज्यातील स्वयंसेवी गिर्यारोहक यांच्या धावून येण्यावर आपण फार विसंबतो. ते येतातही, पण नाळेच्या मध्यातून माणूस झोळीत घालून उतरवायला तासन्‌तास लागतात, आणि १०८ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते.

वसंतात कड्यांवर आग्या मोहोळे लटकलेली असतात. अत्तर, डिओडरंट, शेकोटीचा धूर, स्पीकरवरची गाणी ही त्यांना आमंत्रणे आहेत. एरवी माशा उठल्या तर पळावे असे सांगतो; नाळेत पळणे म्हणजे कडेलोट. एक जाडसर चादर वर ठेवावी, ती पांघरून चेहरा झाकून निश्चल पडून राहावे. माशा चावल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली किंवा भोवळ आली, तर अॅड्रेनलिनच्या इंजेक्शनवाचून उपाय नाही. पूर्वी असे झालेल्यांनी नाळेचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. हात टेकताना दगडाच्या फटीत डोकावून घ्यावे, तिथे फुरसे किंवा विंचू असू शकतो. फुरसे चावल्यास तो अवयव न हलवता लवकरात लवकर सर्पविषावरील लस मिळेल तेथे न्यावे. आवळून बांधू नये, चिरू नये. तांबड्या विंचवाच्या विषाने पूर्वी कोकणात किती मुले दगावत, हे जुन्या पिढीला आठवत असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या औषधाचा त्यावर उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आडगावच्या डॉक्टराने जगाला शिकवलेला हा धडा मला नेहमी अभिमानाचा वाटतो.

काही बारीक गोष्टी राहिल्या. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत आणि उतार लागताच बुटाची नाडी घोट्याशी घट्ट करावी. नाही तर अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहून नखाखाली रक्त साकळते. दोन काठ्या गुडघ्यांवरचा भार काही प्रमाणात हलका करतात, पण दोरावर उतरताना त्या पिशवीत गेल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी सुजलेल्या घोट्याला बर्फ लावावा, चोळू नये. मांड्या दुखत असतील तर पूर्ण झोपून न राहता सपाटीवर थोडे चालावे.

आणि घरी परतल्यावर पुढचे दोन दिवस लघवीचा रंग पाहावा. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे, ते प्यावे. चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी दिसली, तर मंगळवारची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.